प्लॅस्टिकच्या मोराची फळी

नातीच्या नव्या दप्तराला प्लॅस्टिकचा वास आला आणि मला देऊळघाटचं सासर आठवलं. महाराष्ट्र झाल्यानंतर थोड्याच दिवसांत माझं लग्न झालं. प्लॅस्टिक तेव्हा नवलाईचं. त्याच्या वायरचा मोर मी स्वतः विणून सोबत नेला होता. पण मातीच्या भिंतीत खिळा टिकेना. मोर पडला, नणंद हसली, तसा मी तो पेटीत ठेवून दिला.

सासरे सुनेशी बोलत नसत. त्यांनी भिंत कोरून बाभळीच्या खुंट्या खोल ठोकल्या, चिखलाने लिंपल्या. चिखल वाळल्यावर त्यांवर फळी बसवली आणि जोर लावून ओढून पाहिली. मग थेट मलाच म्हणाले, "आन बाई तुहा मोर. आता भिंत पडन, पन हा नाही पडत."

तेव्हा मी मोराकडेच बघत राहिले. आज त्यांचे सोललेले तळहात आठवतात.