कमरेला बांधलेली होडी

कतारच्या वाळवंटात तिवरं आहेत, हे माझ्यासारख्या रत्नागिरीच्या माणसाला पटेना. साठच्या दशकातली गोष्ट. मी दोह्यात कारकून होतो. एका शुक्रवारी अल् खोरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या होडीतून बघायलाच गेलो. खरंच होती! चिखलातून वर आलेली मुळांची बोटंसुद्धा थेट आमच्या खाडीतल्यासारखी.

दुपारी खजूर खायला काठावर बसलो. म्हाताऱ्याने होडीचा दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळला. पाण्याने होडी ओढली की तो बसल्या जागी घसरायचा, हसायचा, पुन्हा मागे सरकायचा. पाठीशी एवढी झाडं!

"चाचा, झाड को बांधो ना," मी न राहवून म्हटलं.

मोती विकायला मुंबईला जाऊन आलेला माणूस तो, हिंदी यायची. खजुराची बी थुंकून म्हणाला, "ये झाड जमीन को पकडके बैठा है. अब मेरी नाव भी वही पकडे?"

परतताना काठावर एकच तिवर वाळलेलं दिसलं. बुंध्यावर दोराची खोल, जुनी खाच होती.

"ये किसने किया?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने तिकडे पाहिलं नाही. वल्हं बाजूला ठेवून त्याने कमरेला अजून तसाच असलेला दोर आणखी आवळला.