टँकरचा हॉर्न

त्या पिक्चरला कुणी फालतू म्हटलं, की मी आजही भांडते. आमच्या गल्लीतल्या दोघा भावांनी काढलेला तो पहिलाच पिक्चर. दोघं कंपनीत शिफ्टला जाणारे, कॅमेरा मागून आणलेला, नट म्हणजे आम्ही शेजारीपाजारी. हे पिक्चर काढतायत म्हणून आमचं बजाजनगर लई हसलं. गोष्ट एवढीच, की एका टँकरवाल्याला आपल्या टाकीत मुडदा सापडतो, आणि सांगायला जावं तर आळ त्याच्यावरच येणार. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहर पार करमाडकडं पसरत चाललेलं, आमच्या नळाला मात्र पाणी नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं थेटर होतं. तिथल्या मॅनेजरनं दुपारचा एक खेळ दिला. लोक शेवटपर्यंत बसले तर आठवडाभर लावतो, नाय तर उचला, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

काय सांगू, श्वास घ्यायला उसंत नव्हती. ना गाणं, ना मारामारी. बायका हंडे घेऊन रांगेत, टँकरवाला घामाघूम, आणि रांगेतली एक बाई नुसती टाकीच्या झाकणाकडं बघत उभी. मग त्यानं हॉर्न दिला. भावांनी तो आवाज आमच्याच गल्लीत येणाऱ्या टँकरचा रेकॉर्ड करून घेतला होता. झालं, निम्मं थेटर पिंपं भरायला घराकडं पळालं. मीसुद्धा दारापर्यंत गेले, खोटं कशाला बोलू.

मॅनेजरनं दिवे लावले. "बघा, लोक उठून गेले. पडला तुमचा पिक्चर." थोरल्या भावाचं तोंड एवढंसं झालं. माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "साहेब, कंटाळून नाय उठले. खरं वाटलं म्हणून उठले. जरा मागं घ्या आणि लावा परत." तोवर बाहेर टँकर दिसेना म्हणून बायका माघारी आल्या, त्यांनी दारच अडवलं. लावावाच लागला.

या खेपेला हॉर्न वाजला, कुणी हललं नाय. झाकण उघडताना परत वाजला, चांगला लांबलचक. आम्ही एकमेकींकडं बघून हसलो आणि शेवटपर्यंत बसून राहिलो. आता काय फसतो व्हय?

तो दुसरा हॉर्न खरा होता. घरी आले तर टँकर येऊन गेलेला, पिंपं कोरडी ठणठणीत. सासूबाई दारातच उभ्या. "कुठं उलथली होतीस?"

"पिक्चर बघत होते," मी म्हटलं. "उद्यापासून आठवडाभर आहे. तुम्ही पण चला."