डावीकडे पडायचं नाही

धानाच्या दोन बांध्यांमधल्या, म्हणजे दोन खाचरांमधल्या, अरुंद मातीच्या धुऱ्यावर जड मोटारसायकल उभी राहिली, की तिच्यावर बसलेल्या बाईला करण्यासारखं फार काही उरत नाही. मी बसून होते. डाव्या बुटाचा चवडा धुऱ्याच्या कडेच्या गवतावर कसाबसा टेकलेला. उजवा पाय अधांतरी, कारण उजवीकडची जमीन हातभर खाली होती आणि तीही जमीन नव्हती, चिखल होता. पुढे पाणी सोडायला धुरा फोडलेला. मागे जायचं तर या गाडीला रिव्हर्स नाही. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि हँडल सोडलं तर गाडी जाणार. मला शिकवणारा तरुण पांदणीनं पुढे निघून गेला होता. मीही पांदणीनंच चालले होते. पण पावसाळ्यात गवत वाढलं की पांदण कुठे संपते आणि धुरा कुठे सुरू होतो हे कळत नाही. वाट हळूहळू अरुंद होत गेली आणि मी ते माझ्या प्रगतीचं लक्षण समजले.

मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होते. ग्रंथपालाला पुस्तकांचं काम थोडं आणि सत्कारांचं जास्त असतं, हे नोकरीच्या जाहिरातीत लिहीत नाहीत. शाली माझ्याच कपाटात असत. ‘आपल्या व्यस्त वेळापत्रकातून वेळ काढून’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं आहे, की त्या पाहुण्यांतला कुणी खरोखर व्यस्त असेल यावरचा माझा विश्वासच उडाला. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या पडीक शेतात काही पुरुष उंच, जाड टायरच्या गाड्या दगडांवरून, नाल्यांतून न्यायला शिकताना दिसले. मी लुना आणि स्कूटरवर जन्म काढलेली. तरी विचारायला गेले.

“मॅडम, आधी पडायला शिकावं लागते,” तो तरुण म्हणाला.

इतकं प्रामाणिक माहितीपत्रक मला आजवर कुठल्याही संस्थेनं दिलं नव्हतं. मी शिकायला लागले. गाडी तिरपी झाली की तिच्याशी झुंजायचं नाही, पाय मोकळा करायचा आणि तिला जाऊ द्यायचं, हा पहिला धडा. तो मला कधी जमला नाही. मी दर वेळी झुंजायचे, आणि शेवटी गाडी आणि मी दोघी वेड्यावाकड्या पडायचो. पण शनिवार आनंदात जात होते. बघणारं कुणी नव्हतं.

मग आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाला बातमी लागली. कधीतरी जंगलातल्या कच्च्या वाटांनी हेमलकशापर्यंत जायला आवडेल, असं मी एकदा चहा पिताना बोलले होते. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी त्यातलं ‘कधीतरी’ गाळलं आणि उरलेल्या वाक्याचा सत्कार ठेवला. न केलेल्या प्रवासाबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा चेहरा, आधार कार्डावरचा असावा इतका गंभीर, कुणा दुसऱ्याच्या धडावर बसवलेला. मागे बर्फाचे डोंगर. खाली ‘चंद्रपूरची रणरागिणी’. फ्लेक्सखालच्या रस्त्यावर उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. पोळ्यानंतरचा दिवस ठरला, हिरवी झेंडी दाखवायला पाहुणाही ठरला.

त्या दिवसापासून मला गाडीची भीती वाटायला लागली. दूध आणायला गेले तरी दूधवाला ‘तयारी कशी चालली?’ म्हणून विचारायचा. मला या प्रवासातून सुटायचं होतं, आणि आपण घाबरलो आहोत हे न सांगता सुटायचं होतं. पाय मोडला तर बरं, असंही मनात येऊन गेलं. मोडलेल्या पायाला कुणी कारण विचारत नाही.

म्हणून त्या शनिवारी, सिंदेवाहीच्या बाजूच्या त्या धुऱ्यावर, मी कुणाला हाकही मारली नाही. हाक मीच ऐकली.

“ओ बाई! इकडं नोका पडू जी! सकाळपासून रोवून राह्यलो आमी!”

डावीकडच्या बांधीत रोवणीवाल्या बायका रोपं लावायला ओळीनं वाकलेल्या होत्या. आता त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पुढ्यात, थेट धुऱ्यापर्यंत, कोवळं धान, नुकतंच लावलेलं. माझा पाय होता त्याच बाजूला.

“कुठी चालल्या?” एकीनं विचारलं.

“कुठेच नाही,” मी म्हणाले. उत्तर अगदी खरं होतं.

“उतरा ना मंग.”

“उतरता येत नाही.”

यावर ओळ हसली. टोकाची वयस्क बाई, जिच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं होतं, ती काही हसली नाही. “येत नाई तं चालवता काऊन?”

गाडीचा सगळा भार आता त्या एका चवड्यावर आला होता. असा भार पेलताना माणूस वाक्यं सजवत नाही. “सत्कार झाला माझा,” मी म्हणाले. “हेमलकशापर्यंत जाणार म्हणून. आता जावं लागते, आणि मला भीती वाटते.”

“गेल्या होत्या का?”

“नाही. अजून जायचंय.”

“आन् सत्कार होऊन गेला?” ती बाकीच्यांकडे वळली. “पाहा वो. मानूस जित्ता हाये आन् तेरवी जेवून बसले लोक!”

मग मात्र सगळ्या बांधीत हसू फुटलं. मलाही आलं, आणि हसण्यानं गाडी डावीकडे कलली.

“तिकडं! तिकडं पडा!” सगळ्या एकदम ओरडल्या आणि चिखलाचे हात उजवीकडे हलवू लागल्या.

उजवीकडची बांधी चिखलणी करून तयार होती, पण अजून रोवलेली नव्हती. मी डाव्या चवड्यानं धुऱ्याला रेटा दिला, हँडल सोडलं आणि पाय मोकळा केला. गाडी तिच्या वाटेनं गेली, मी माझ्या. आम्ही दोघी वेगवेगळ्या पडलो, पहिल्यांदाच. चिखल कोमट होता. हेल्मेटमध्येही गेला.

तो तरुण परत आला तेव्हा चिखलणीचा ट्रॅक्टर दोर लावून गाडी ओढत होता. “मॅडम, आज तर बरोब्बर पडल्या,” तो म्हणाला. पडल्यावर भीती गेली असं लिहायला छान वाटलं असतं. गेली नाही. पण ती एकदा मोठ्यानं सांगून झाली होती, तीही हसणाऱ्या लोकांसमोर, आणि मी शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंकडे गेले. “मी जाणार नाही. मला भीती वाटते. काल धुऱ्यावर अडकले, पडले.”

“अहो, पडल्याचं कशाला सांगायचं कुणाला?”

“रोवणीवरच्या सगळ्या बायकांनी पाहिलंय.”

“मग असं करू, ‘पडूनही खचली नाही’ म्हणून...”

“खचलेय,” मी म्हणाले आणि पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी शाल उचलली, कुठे चिखल लागला नाही ना हे पाहिलं आणि घडी मोडू न देता कपाटात ठेवली. पाहुण्याला काय सांगायचं हा प्रश्न त्यांचा होता. पण दूधवाला अजून विचारतो, आणि मी अजून त्याच्यासाठी उत्तर शोधते आहे.

फ्लेक्स मीच उतरवून मागितला. ट्रॅक्टर गाडी ओढत असताना मी बायकांना फ्लेक्सचंही सांगितलं होतं, तेव्हा त्या इरलंवाल्या बाईनं चौकशी केली होती, “तो फोटो किती मोठा हाये जी? आमचा गोठा गळते.” त्याची सुरळी करून गाडीच्या मागे बांधली आणि तिला नेऊन दिली. मोठ्या रस्त्यानं गेले, धुऱ्यावर नाही. धुऱ्यावर अजूनही जात नाही.

तिनं तो गोठ्यावर टाकला, पांढरी बाजू वर, छापील बाजू आत. मी खालून वाकून पाहिलं. रणरागिणी बैलांच्या डोक्यावर उलटी लटकली होती, आणि बर्फ सगळा कोरडा होता.