भोपाळच्या संग्रहालयात, एका हातासाठी

भोपाळला जायचं ठरलं ते फोनवर, आणि ठरवलं आक्कानंच. "बापू, डोळ्यांचा आता भरवसा नाही. बुधवारी इंदूरला डोळ्यात इंजेक्शन देणार आहेत, पण डॉक्टर काही छातीठोक बोलत नाही. त्याआधी मला ती बाई बघायची आहे."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. देवासच्या मुलींच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. तिच्याजवळ एका जुन्या पुस्तकातलं पत्त्याएवढं चित्र होतं. आंब्याच्या डहाळीखाली उभी असलेली दगडी बाई, आणि खाली छापलेलं 'भोपाळ संग्रहालय'. छपाई इतकी काळी की बाईचा उजवा हात अंधारात बुडून गेलेला. आक्का दरवर्षी ती बाई फळ्यावर काढायची आणि त्या हातावर मनानंच एक राघू बसवायची. किती मुलींनी आपापल्या वहीत तो राघू उतरवला असेल, देव जाणे. खरं तिथं काय आहे, एवढंच तिला डोळे जायच्या आत बघायचं होतं. नातीनं मोबाईलवर खूप शोधलं, पण ती मूर्ती काही सापडली नाही.

मी शनिवारी सकाळी धारहून निघालो. धार-इंदूर बस दर थोड्या वेळानं असते. इंदूरला उतरून पोहे-जिलबी खाल्ली (ती न खाता पुढे जाणाऱ्याचा प्रवास मी मोजत नाही) आणि दुसऱ्या बसनं देवास गाठलं. खिडकीशी बसलो की लहानपणी पाठ केलेल्या कविता आपोआप ओठांवर येतात. त्या पाठ करून घेणारीही आक्काच. या वेळी मात्र दुसऱ्याच ओळीला अडखळलो. तिला काही दिसलंच नाही तर?

दारातच बोलणी खाल्ली. "शनिवारी आलास? धारहून देवास पूर्वेला ना रे? दिशाशूळ म्हणून काही असतं! शिक्षक झालास, पण पंचांग काही उघडलं नाहीस."

भोपाळही पूर्वेलाच. शनिवारी आणि सोमवारी पूर्वेला जायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नेम. म्हणून रविवारी निघायचं, सोमवारी निवांत संग्रहालय बघायचं आणि मंगळवारी परतायचं, असा बेत तिनं पक्का केला होता. भाचा काळजीत होता. "मामा, तुम्ही दोघं अकेले? दोघांचं मिळून दीडशेच्या वर वय!"

"दीडशे वर्षांचा अनुभव म्हण," आक्का म्हणाली.

रविवारी देवासहून सोनकच्छ, आष्टा, सिहोर असा बसनं प्रवास झाला. रस्ता चांगला आहे, तीन-साडेतीन तास धरा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पुढची जागा आधी सांगून ठेवा. स्टेशनाजवळ साधंसं हॉटेल घेतलं, खोली पहिल्या मजल्यावरची. लिफ्ट आहे का, हे फोनवरच विचारा. मी विचारलं नव्हतं. पायऱ्या चढताना आक्का प्रत्येक पायरी पावलानं चाचपत होती आणि मी मागून दोन्ही हात पसरून, जणू घडा पडणार आहे असा.

सोमवारी दहा वाजता ती नेसून तयार. इरकली साडी, अंबाड्यात फूल. ऑटोवाल्याला म्हटलं, श्यामला टेकडीवर, संग्रहालय. त्यानं वळून पाहिलं. "अरे खां, आज सोमवार हे. म्यूज़ियम तो बंद रेता हे."

मला वाटलं भाडं वाढवायची युक्ती असेल. गेलोच. फाटकाला कुलूप. दिशाशूळ चुकवण्याच्या नादात आठवड्यातला नेमका बंदचा वार गाठला होता. वाचकहो, पंचांग बघा, पण त्याबरोबर फाटकावरची पाटीही बघा.

 मोठ्या तलावाकाठी जाऊन बसलो. हातात फक्त मंगळवार उरला होता. मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो, ती होडी दिसते का, ती पाटी वाच बरं.

"मी तुझी विद्यार्थिनी नाही रे," ती चिडली. मग हळूच म्हणाली, "कडेकडेचं दिसतं. मधोमध कुणीतरी डस्टर फिरवलंय. परवापेक्षा मोठं वाटतंय ते."

चहा आला. आपण साखर कपात घातली असं तिला वाटलं. ती बशीत पडली होती. मी मुकाट्यानं कप बदलला.

मंगळवारी फाटक उघडायच्या आधीच आम्ही हजर. तिकीट माफक, कॅमेऱ्याचं वेगळं. चाकाची खुर्ची मागितली तर मिळते. आक्कानं आधी नाही म्हटलं आणि दुसऱ्या दालनात निमूट बसली. शिल्पांची दालनं मोठी आहेत, गार आहेत, पण उजेड मंद. विष्णू, वराह, जैन मूर्ती; प्रत्येकीपुढे तिनं चपला काढायचा हट्ट धरला. मी घड्याळ बघत होतो. ती मूर्ती इथं नसलीच तर? दुसरीकडे हलवली असली तर?

चौथ्या दालनात ती भिंतीशी उभी होती. तीच डहाळी, तोच कमरेचा बाक. मी आधी पाहिलं.

उजवा हात कोपरापासून तुटलेला होता.

मागून खुर्चीतून आवाज आला. "आली का रे? मला जवळ ने."

नेलं. तिनं मान तिरकी केली, कडेच्या नजरेत धरायला. डहाळी दिसली, कंबर दिसली. "हीच, बापू! किती उंच आहे! मी फळ्यावर बुटकी काढायची." डोळे भरून आले आणि त्यामुळे उरलंसुरलंही पुसट झालं. "हात मात्र नजरेत येत नाही. सांग ना. काय आहे हातात?"

जन्मभर मी मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. "राघू," मी म्हणालो.

"खोटं!"

"राघूच आहे, आक्का. चोच जराशी झिजली आहे."

ती हसली, शाळेच्या बक्षीस समारंभात हसायची तशी. दालनात एक पहारेकरीण बसली होती. आक्कानं तिलाच हाक मारली, "बेटी, देखो, हाथ पे तोता है ना? मैंने बिना देखे बनाया था!"

पहारेकरणीनं मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आक्काच्या पाठीमागे हात जोडले.

"हाँ अम्मा," ती म्हणाली, "है." आणि दुसरीकडे बघू लागली.

त्यानंतर शेजारचं आदिवासी जीवनावरचं संग्रहालय पाहिलं. तेही चुकवू नका. उंच घरं, रंगीत भिंती, सगळं इतकं ठळक की आक्कालाही कडेनं पुष्कळ दिसलं. ती खुलली होती. मला मात्र कुठलाच रंग आठवत नाही. दुपारची बस धरून संध्याकाळी देवासला परतलो. चप्पलही न काढता ती फोनवर बसली आणि शाळेतल्या जुन्या मुलींना एकेक करून सांगत सुटली, "अगं, राघूच आहे!"

बुधवारी इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मी धारला आलो. हा लेख लिहिला, त्यात राघू ठेवला. आक्काच्या घरात मराठी सरसर वाचणारी एकटी तीच, आणि तिला आता अक्षरं दिसत नाहीत. सून आणि नात हिंदी शाळेतल्या, दोन ओळींत थकतात. म्हणजे खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं. तरी धीर झाला नाही.

काल तिचा फोन आला. "बापू, नातीनं मोबाईलमध्ये काहीतरी करून दिलंय. तो मराठी वाचून दाखवतो. तुझं भोपाळचं कधी छापून येणार? मुलींनाही ऐकवणार आहे, चौघी-पाचजणी तर बघायला जायचं म्हणतायत."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सगळं खोडलं आणि जसं घडलं तसं पुन्हा लिहिलं.

आक्का, मोबाईल थांबवू नकोस. बाईचा उजवा हात कोपराशी तुटलेला आहे. तिथं खडबडीत दगड आहे, बाकी काही नाही. त्या हातावर काय होतं ते मला माहीत नाही. त्या पहारेकरणीचा दोष नाही, मीच हात जोडले होते. त्या मुली तिथं जाऊन उभ्या राहण्याआधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, तेही तिथंच, त्याच वेळी. तू इतकी हसलीस की मला जमलं नाही.

रागाव. पण फोन कर. मी फोनजवळच बसलो आहे.