डेमोच्या आधी पोहे

आमचं ऑफिस दिग्रसला, कापसाच्या एका जिनिंगच्या बाजूच्या गाळ्यात. कंपनी पुण्याची, माणसं आम्ही चार: कोड लिहिणारी दोन पोरं, त्यातल्या चुका शोधणारी एक टेस्टर आणि मी स्क्रम मास्टर. हे नाव ऐकून माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हंजे तुमी करता काय?" खरं सांगायचं तर रोज सकाळी मी सगळ्यांना उभं करून विचारायचो, काल काय केलं, आज काय करणार, अडलं कुठं. उत्तर आवडलं नाही की भडकायचो. माझा पारा चढायला वेळ लागत नाही.

टेस्टर जवळच्या तांड्यावरची. दोन वर्षांची लेक सासूजवळ ठेवून स्कूटीवर यायची. जिनिंगसाठी आम्ही ॲप बनवत होतो: कापसाची गाडी काट्यावर आली की वजन तिथंच मोबाइलमध्ये भरायचं. पुण्यानं बजावलं होतं, हंगाम भरात येईपर्यंत ॲप चाललं नाही तर गाळा बंद, सगळे पुण्याला. आम्ही तिघं कुरकुरत का होईना गेलो असतो. तिला जाणं शक्यच नव्हतं, तिची नोकरीच गेली असती.

दर दोन आठवड्यांनी झालेलं काम दाखवायचा डेमो. जिनिंगमधून काट्यावरचे काका यायचे. आता माणूस दारी आला तर त्याला तसंच कसं बसवायचं? आधी तर्रीपोहे, मग चहा, मग ॲप. काका मोबाइलला बोट न लावता पाहायचे आणि म्हणायचे, "बेस्ट हाय! काहीच कमी नाही." मी खूश. पुण्याला कळवायचो, ग्राहक समाधानी.

तिसऱ्या डेमोनंतर ती म्हणाली, "सर, इतकं खाऊपिऊ घातल्यावर कोनी नावं ठेवते काय? पोहे मागून द्या. आधी त्यायच्या हातात मोबाइल द्या."

मला रागच आला. पोरांपैकी कोणी असतं तर झाडलंच असतं. पण लेकीबाळीला वाकडं कोण बोलतं? "बरं ताई, पाहू," म्हणून हसलो आणि पुढच्या वेळीही पोहे मागवले.

मग एका सकाळी ती एकटीच काट्यावर जाऊन उभी राहिली आणि तासाभरानं मला फोन करून बोलावलं. पाहतो तर काय, काका वजन कागदाच्या चिठ्ठीवर लिहून राह्यले! वापरून पाहायला दिलेलं ॲप उघडलंच नव्हतं. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती, आणि मागं गाड्यांची रांग असताना सात रकाने कोण भरणार?

"मंग डेमोत काहून नाही सांगितलं?" मी खेकसलो.

काका ओशाळले. "एवढ्या मानानं बसवता, भाऊ. कामाचं नाही असं कसं म्हनू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सात रकान्यांचे दोन केले, अक्षरं मोठी केली. पुढचे डेमो काट्यावरच, चहासुद्धा नाही. काका शिव्या घालायचे, ती लिहून घ्यायची. हंगाम भरात आला तेव्हा चिठ्ठीची गरज पडली नाही. गाळा वाचला.

महिनाभरानं पुण्याहून फोन आला. खर्च कमी करायचाय, तिघंच ठेवा, टेस्टर नको. मी तापलो. अहो, तिच्यामुळंच तर सगळं झालं! पलीकडच्या बाईंनी शांतपणे मीच लिहिलेला शेरा वाचून दाखवला: 'टीमशी जुळवून घेत नाही. ग्राहक समाधानी असताना खुसपटं काढते.' तिसऱ्या डेमोच्या दिवशी रागारागात पुण्याला पाठवला होता. चुकलो म्हटलं, मागं घेतो म्हटलं, भांडलो. त्यांचं ठरलं होतं.

तिला मी सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. तिनं लॅपटॉप बंद करून माझ्यापुढं ठेवला.

"पोराईवर तं रोज वरडता, सर," ती म्हणाली. "मलेबी एकदा तोंडावर बोलले असते तं मी भांडली असती. पन नोकरी तं राह्यली असती."