गुरुवारची भाजी

शहरातल्या कांचघर मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणारी शकुंतला ढोके सगळ्यांची शकुदीदी. एका संस्थेनं तिला बरेला रोडवरच्या एका लहान गावात आरोग्याचं काम दिलं होतं. दर गुरुवारी ती बसनं जायची. बायकांची वजनं करायची, बीपी बघायची, अर्धा तास आसनं करून घ्यायची. मग सगळ्या मिळून अंजनीबाईच्या परसात खपायच्या. अंजनीबाईचं घर मूळचं वर्ध्याकडचं, त्यामुळे तिथं शकुदीदीला मराठी बोलायला मिळायचं. परसात युरियाचा दाणा पडू द्यायचा नाही, असा नेम होता. काम झालं की तिथलीच भाजी शिजवून बायका एकत्र जेवायच्या. शकुदीदीचा मात्र गुरुवारचा उपास असायचा.

त्या गुरुवारी वांग्यांवर माव्याची कीड पडली होती. फवारणीचा काढा करायला शकुदीदीनं बांधावरून धोतऱ्याची कोवळी पानं स्वतः तोडून आणली आणि टोपलीत भरून ओसरीत ठेवली. शेजारी चवळाईची टोपली होती. शकुदीदी एकीचा बीपी घेत असताना आतून अंजनीबाईची सून नर्मदा ओरडली, "दीदी, भाजी कोणती घेऊ?"

"ओसरीतली घे ना, चिरून टाक," शकुदीदीनं मान वर न करता सांगितलं.

नर्मदा शहरात, गोहलपुरात वाढलेली, रानपाला न ओळखणारी, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पाचवा महिना चालू होता. चवळाई कमी वाटली म्हणून तिनं दुसऱ्या टोपलीतल्या दोन मुठी घेतल्या.

जेवून तासभर झाला असेल. नर्मदा म्हणाली, "तोंडाला कोरड पडून राहिली." तिचा चेहरा लालभडक झाला होता. तेवढ्यात अंजनीबाई हवेतून काहीतरी वेचायला लागली, दोरा गुंडाळावा तशी. तिसरी बाई भिंतीशी बोलत हसत होती. शकुदीदीनं नर्मदेचे डोळे पाहिले. बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते.

ती ओसरीत धावली. धोतऱ्याच्या टोपलीतली पानं कमी झाली होती.

अजून कोणी पाहिलं नव्हतं. टोपली खड्ड्यात रिकामी करावी, भाजी नासली होती म्हणावं, कोण विचारणार? असं मनात आलं, हे तिनं मला स्वतःच सांगितलं. अंगणात माणसं जमली होती. कोणीतरी ओरडलं, "दीदी ने खुद तो कुछ नहीं खाया!" आणि सगळे तिच्याकडे पाहू लागले.

दवाखान्याच्या गाडीला चाळीस मिनिटं लागतील, असं फोनवर कळलं. अंजनीबाईचा नवरा बळीराम ट्रॅक्टर घेऊन आला. जेवलेल्या पाचही बायांना ट्रॉलीत घातलं. शकुदीदीनं उरलेली पानं पदरात बांधली आणि नर्मदेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्ताभर नर्मदेची नाडी तिच्या बोटांखाली धावत होती. मोजता येईना इतकी. पोटातल्या जिवाचं काय होत असेल, हा विचार ती परत परत ढकलत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्या खाया इन लोगों ने?"

मागे बळीराम उभा होता. गावातली आणखी चारपाच माणसं होती. शकुदीदीनं पदर सोडून पानं टेबलावर ठेवली.

"धतूरा. मेरी गलती से."

बळीरामनं तिच्याकडे असं पाहिलं की ती भिंतीला टेकली. पण डॉक्टरीणबाई लगेच उठल्या. काय करायचं ते त्यांना आता माहीत होतं.

नर्मदा हातपाय झाडत होती, तिला धरायला दोघी लागत होत्या. दिवेलागणीच्या सुमारास तिनं पाणी मागितलं आणि सासूचं नाव घेतलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी लावून ऐकलं. किती वेळ! मग मान हलवली, "धड़कन ठीक है." शकुदीदी तिथेच फरशीवर बसली.

पाचही जणी वाचल्या. चार महिन्यांनी नर्मदेला धडधाकट मुलगी झाली. पण ते नंतरचं. पुढच्या गुरुवारी शकुदीदी गावाच्या फाट्यावर उतरली, थोडा वेळ उभी राहिली आणि परतीच्या बसमध्ये चढली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. संस्थेला द्यायचा राजीनामा लिहून तयार होता.

तिसऱ्या गुरुवारी फाट्यावर अंजनीबाई उभी होती.

"काहून परत जाते? बाया वाट पाहून राहिल्या."

"भीती वाटते मला, अंजनीबाई. तुमच्या चुलीकडे पाहायचीसुद्धा."

"मलेबी वाटते. पान हातात घेतलं का दहादा उलटून पाहते. बळीराम तर अजून तुझं नाव घेऊ देत नाही. पण तू खरं बोलली नसती तर मी इथं उभी नसती. चल."

शकुदीदी गेली. बळीराम तिला पाहून उठून शेतात निघून गेला. बायका पिंपळाखाली ओळीनं बसल्या होत्या. तिनं पहिलीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, पण तो दोनदा निसटला. त्या बाईनं स्वतःच पट्टा घट्ट धरला.