सैंधवाची बरणी

डॉक्टर म्हणाल्या, "कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर." त्यातलं फेल्युअर तेवढं मला कळलं, वाटलं, ह्यांचं हृदय बंदच पडलं. मिलिंद, माझा मुलगा, म्हणाला, "आई, हार्ट बंद नाही पडलंय. पंप दमलाय, म्हणून फुप्फुसात पाणी साठतंय."

आम्ही तेव्हा अमेरिकेत, नेपरव्हिलला त्याच्याकडेच होतो. हॉस्पिटलात ह्यांचं पाणी उतरलं, घरी आलो, आणि हिवाळा सरायच्या आत परत तीच धाप, परत अँब्युलन्स. या खेपेला ह्यांचं भानच सुटलं. हाताची सुई उपटायचे. मला विचारायचे, "बाई, आमची मंडळी कुठे दिसली का?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी बाई झाले.

मग डॉक्टरांनीच नवी सोय सुचवली. हॉस्पिटलची ट्रीटमेंट घरी. आयव्ही, म्हणजे शिरेतून औषध, ऑक्सिजनचं मशीन, नर्स दोन वेळा, डॉक्टर रोज. मिलिंद खूश, मी मात्र नको म्हणत होते. तिथे बटण दाबलं की माणूस येतं. इथे बाहेर बर्फ, आणि माझं इंग्लिश हे असं. नर्सनं फ्रिजवर नंबर लावला, कधीही फोन करा म्हणाली. तरी मी ह्यांच्या छातीकडे बघत बसायची. वर गेली, खाली आली. भाजी चिरतानाही कान तिकडेच.

पण घरच्या पलंगावर झोप लागली आणि सकाळी ह्यांची हाक आली, "अगं, चहा झाला का?" मी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात वजन वाढलं. वजन वाढणं म्हणजे पाणी वाढणं. डॉक्टर म्हणाल्या, "औषध चालू असताना असं व्हायला नको. उद्याही वाढलं तर परत ॲडमिट." परत तिथे नेलं तर हे मला ओळखायचेच नाहीत, एवढंच डोक्यात.

त्या सरळ किचनमध्ये आल्या. "मीठ बंद आहे ना?"

"एकदम बंद. नो सॉल्ट," मी छातीठोकपणे सांगितलं. आणि खरंच, मीठ मी माळ्यावर टाकलं होतं. नागपूरच्या नणंदेनं फोनवर सांगितलेलं, "वहिनी, हार्टवाल्यांना सैंधव चालतं हो." उपासाला चालतं, मग ह्यांना का नाही? वरणात, भाजीत, ताकात तेच घालत होते.

डॉक्टरांनी ओट्यावरची बरणी उघडून कण जिभेवर ठेवला. मिलिंदकडे बघितलं. "रॉक सॉल्ट," तो म्हणाला.

"हेही मीठच," डॉक्टर हळू म्हणाल्या. "पाणी धरून ठेवतं. हॉस्पिटलात राहून हे मला कधीच दिसलं नसतं."

मी माझ्या हातानं भरवत होते. आतून ह्यांचा आवाज आला, "तरीच. बिनमिठाची आमटी एवढी चवदार कशी लागते म्हटलं."

बरणी गेली. पाणी उतरू लागलं, नळ्या निघाल्या.

तुमच्यावर अशी वेळ आली तर भीती वाटेल, वाटू द्या. पण जमत असेल तर माणूस घरी आणा, आणि येणाऱ्या डॉक्टरांना आधी तुमच्या ओट्यापाशी न्या. माझी भीती काही पुरती गेली नाही. अजून मी ह्यांच्या छातीकडे बघत बसते. मग हे डोळे न उघडताच म्हणतात, "अगं, आहे मी."